खाडाखोड: अटलांटाच्या शाळांचं प्रकरण

२००५ साली अमेरिकेतल्या अटलांटा शहरात पार्क्स मिडल स्कूल या सरकारी शाळेतली आठवीची २४ टक्के मुलं राज्याच्या गणित चाचणीत उत्तीर्ण झाली. २००६ साली ८६ टक्के. वाचनात ३५ वरून थेट ७८. शाळेला मुख्याध्यापक नवे मिळाले होते, पण वस्ती तीच होती: पिट्सबर्ग नावाची, ओस पडत चाललेल्या घरांची गरीब वस्ती.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत अठरा वर्षं शिकवलं आणि पुढे केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटावर देखरेख ठेवणारा अधिकारी, म्हणून काम केलं. वर्गाचा निकाल एका वर्षात पाच-सात टक्क्यांनी वर न्यायला किती घाम गाळावा लागतो, हे मला माहीत आहे. म्हणून २४ चे ८६ दिसले की मी तिथेच थांबतो. असा आकडा समोर आल्यावर वरिष्ठाने काय करावं? त्या शाळेत जाऊन बसावं. चार मुलांना जवळ घेऊन वाचायला सांगावं, फळ्यावर दोन गणितं घालावीत. आकडा खरा निघाला तर हे कसं जमवलं ते बाकीच्या शाळांना शिकवावं. अटलांटात या शाळेचं कौतुक झालं, तिला आदर्श म्हणून मिरवलं गेलं, आणि पाच वर्षांनी राज्य सरकारच्या तपास अहवालात तिचं नाव सगळ्यात ठळक आलं.

हे प्रकरण तिकडचे लोक ‘चीटिंग स्कँडल’ म्हणून ओळखतात. मला ते शाळेच्या कारभाराचं प्रकरण वाटतं. कॉपी मुलांनी केलीच नव्हती, मुलांच्या उत्तरपत्रिका शिक्षकांनी बदलल्या होत्या.

लक्ष्यांक कसे ठरत

अमेरिकेत शहराच्या किंवा परगण्याच्या सगळ्या सरकारी शाळा एका मंडळाखाली असतात आणि त्यांचा कारभार सुपरिंटेंडंट बघतो. आपल्या शिक्षणाधिकाऱ्यासारखं हे पद असलं तरी अधिकार कितीतरी जास्त. मुख्याध्यापक नेमणं, हलवणं, काढणं त्याच्या हातात असतं. १९९९ मध्ये अटलांटात या पदावर बेव्हर्ली हॉल आल्या. जन्म जमैकाचा, अनुभव न्यूयॉर्क आणि नेवार्कच्या शाळांचा. त्यांच्या हाती आल्या सुमारे ५०,००० मुलांच्या शाळा. बहुसंख्य मुलं कृष्णवर्णीय, आणि बरीचशी दुपारच्या मोफत जेवणाला पात्र ठरावीत इतकी गरीब. शहरातल्या उद्योजकांना या शाळा सुधारायला हव्या होत्या आणि हॉल यांची भाषा त्यांना पटली. शाळा चालते की नाही ते आकड्यांवरून ठरवा, सबबी ऐकू नका, ही ती भाषा.

२००२ च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष बुश यांनी ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायद्यावर सही केली. एकही मूल मागे राहू नये, या नावाच्या कायद्याने २०१४ पर्यंत देशातलं प्रत्येक मूल वाचन-गणितात उत्तीर्ण व्हायला हवं असं ठरवून टाकलं. शाळा वर्षामागून वर्ष मागे पडत राहिली तर मुलांना दुसरीकडे जायची मुभा, मग कर्मचारी बदल, शेवटी शाळेचा ताबाच दुसऱ्याकडे. अटलांटाने यावर आपले वेगळे लक्ष्यांक चढवले. प्रत्येक शाळेला दरवर्षी नवा लक्ष्यांक, आणि तोही गेल्या वर्षीच्या निकालावर बेतलेला.

सगळ्या गोष्टीची मेख इथे आहे. समजा, एखाद्या शाळेने एका वर्षी खोट्याने ६० टक्के दाखवले. पुढच्या वर्षीचा लक्ष्यांक त्या खोट्या साठाच्या वर लागतो. खऱ्या ४० वर उभी असलेली शाळा आता ६५ गाठणार कशी? पहिल्या वर्षी दहा मुलांचे पेपर सुधारले असतील तर दुसऱ्या वर्षी वीस मुलांचे सुधारावे लागतात. परत फिरायचं तर निकाल अचानक कोसळणार, आणि तो का कोसळला ते सांगायला तोंड नाही. सावकाराच्या व्याजासारखं हे खोटं दरवर्षी चढत गेलं.

लक्ष्यांकांपैकी ७० टक्के गाठले की त्या शाळेतल्या सगळ्यांना बक्षिसाची रक्कम मिळे. शिपायापासून, स्वयंपाकघरातल्या बाईंपासून मुख्याध्यापकांपर्यंत. हॉल यांना स्वतःला त्यांच्या कारकिर्दीत अशी पाच लाख डॉलरहून जास्त रक्कम मिळाली. मुख्याध्यापकाला मुदत तीन वर्षांची. तेवढ्यात लक्ष्यांक गाठला नाही की जागा दुसऱ्याला. हॉल यांच्या काळात सुमारे ९० टक्के मुख्याध्यापक बदलले गेले.

दरवर्षी सगळ्या शाळांचा मेळावा जॉर्जिया डोम या प्रचंड स्टेडियममध्ये भरायचा. लक्ष्यांक गाठलेल्या शाळांचे शिक्षक खाली मैदानात, मंचाच्या जवळ बसायचे. न गाठलेले वर गॅलरीत. हा तपशील वाचला तेव्हा मला आमच्या आढावा बैठका आठवल्या. शाळांची यादी टक्केवारीच्या उतरत्या क्रमाने वाचली जाते, आणि शेवटच्या तीन-चार शाळांचे मुख्याध्यापक आपलं नाव येण्याआधीच मान खाली घालतात. त्यांच्या शाळेत दोन शिक्षकांवर पाच वर्ग आहेत, निम्मी मुलं ऊसतोडीच्या हंगामात आईबापांबरोबर निघून जातात, हे कुणी विचारत नाही. विचारलं तर ती ‘सबब’ ठरते.

पार्क्समध्ये काय झालं

राज्याची चाचणी बहुपर्यायी असायची. मुलं पेन्सिलने गोळे काळे करायची आणि उत्तरपत्रिका यंत्रावर तपासल्या जायच्या. चाचणीचे दिवस संपले की उत्तरपत्रिका शाळेच्या कुलपातच असत आणि मग मंडळाकडे जात. या मधल्या वेळेत काम साधलं जायचं.

पार्क्समध्ये चाचणीआधीच प्रश्नपुस्तिकांचं प्लास्टिकचं वेष्टण पात्याने अलगद उघडलं गेलं, प्रती काढल्या गेल्या आणि लायटरच्या आचेने वेष्टण पुन्हा चिकटवलं गेलं. नंतर मोजके शिक्षक एका खोलीत बसून चुकीचे गोळे खोडत आणि बरोबर गोळे काळे करत. दुसऱ्या एका प्राथमिक शाळेतले शिक्षक शनिवार-रविवारी एका सहकाऱ्याच्या घरी जमून हेच करायचे. आणखी एका शाळेत बोटांचे ठसे उमटू नयेत म्हणून हातमोजे घातले गेले. अजून एका शाळेत निकाल कमी आला म्हणून मुख्याध्यापकांनी भर बैठकीत एका शिक्षिकेला टेबलाखालून रांगायला लावलं. सगळे सहकारी बघत होते.

हे करणारी माणसं कोण होती? वाईट शिक्षक म्हणून त्यांना बाजूला सारता येत नाही. पार्क्समधल्या एका गणित शिक्षकाचं बालपण तशाच वस्तीत गेलं होतं. मुलांसाठी तो शाळा सुटल्यावरही थांबायचा, त्यांच्या घरी जायचा. निकाल लागला नाही तर शाळा बंद होईल आणि ही मुलं शहरभर विखुरतील, ही भीती त्याच्या मनात होती. म्हणजे हे पाप मुलांवरच्या मायेतून घडलं, असा त्याचा स्वतःचा समज. मला हे वाचून राग कमी आला आणि भीती जास्त वाटली, कारण तसे शिक्षक मी ओळखतो. शाळेचं नाव राहावं म्हणून काहीही करतील असे. वरच्याने त्यांच्याकडून चुकीची गोष्ट मागितली तर तीही ते तितक्याच निष्ठेने देतील.

वाईट बातमी वर का गेली नाही

पार्क्सबद्दलची तक्रार २००६ मध्येच मंडळाच्या कचेरीत पोहोचली होती. मंडळाने नेमलेल्या चौकशी करणाऱ्याने गैरप्रकार झाल्याचं सांगितलं. कारवाई झाली नाही, मुख्याध्यापक जागेवर राहिले आणि पुढच्या वर्षांत निकाल आणखी चढले. इतर शाळांमध्येही ज्यांनी तोंड उघडलं त्यांच्यावरच कारवाई झाल्याची उदाहरणं तपासात पुढे आली. शाळेत बातमी कानोकानी जाते. एका शिक्षिकेच्या तक्रारीचं काय झालं हे दुसऱ्या दिवशी शंभर शिक्षकांना कळतं, आणि मग दुसरी तक्रार येत नाही.

हॉल यांनी कधी कुणाला ‘उत्तरं बदला’ असा हुकूम दिला का? तसं कुठे सिद्ध झालं नाही, आणि त्यांनी आरोप शेवटपर्यंत नाकारले. २००९ मध्ये देशातल्या सर्वोत्तम सुपरिंटेंडंट म्हणून त्यांचा सन्मान झाला होता. त्यांची बाजू घेणारे एक वजनदार गोष्टही दाखवतात. देशपातळीवरची नमुना चाचणी बाहेरची माणसं येऊन घेतात, तिच्यात शाळेला ढवळाढवळ करता येत नाही, आणि त्या चाचणीतही या वर्षांत अटलांटाच्या मुलांची प्रगती दिसली होती. हे खरं आहे. काही शाळांत काही चांगलं नक्कीच घडलं असणार. पण यामुळे माझं मत बदलत नाही. उलट, खरी कमाई आणि खोटी कमाई एकाच गल्ल्यात पडली आणि प्रामाणिकपणे राबलेल्या शिक्षकांच्या कष्टावरही पाणी फिरलं. राज्याच्या तपास अहवालाचा निष्कर्ष असा होता की हे हॉल यांना माहीत होतं किंवा माहीत असायला हवं होतं. मला या वाक्याचा दुसरा अर्धा भाग पहिल्यापेक्षा जड वाटतो. माहीत असायला हवं होतं. प्रमुखाने फक्त ‘किती टक्के?’ एवढंच विचारायचं ठरवलं की टक्के येतात. ते कुठून आले हे विचारायला त्याच्याजवळ वाटच उरत नाही, कारण ती सांगू शकणारी माणसं त्याने गॅलरीत बसवलेली असतात.

उघड कसं झालं

कागदावरून. ‘अटलांटा जर्नल-कॉन्स्टिट्यूशन’ या स्थानिक वृत्तपत्राच्या पत्रकारांनी २००८ च्या अखेरीस आकडे मांडून दाखवलं की काही शाळांमधली वाढ जवळपास अशक्य कोटीतली आहे. मग राज्याच्या यंत्रणेने २००९ च्या उत्तरपत्रिकांवरच्या खाडाखोडीची मोजणी केली. पेन्सिलचा गोळा खोडला तरी फिकट डाग राहतो आणि यंत्राला तो दिसतो. मूल स्वतःहून खोडतं तेव्हा कधी चुकीचं बरोबर होतं, कधी बरोबरचं चुकीचं. अटलांटाच्या कित्येक वर्गांत पानामागून पान चुकीचंच बरोबर झालं होतं, तेही राज्याच्या सरासरीपासून इतकं दूर की योगायोग म्हणायला जागा नव्हती. २०१० मध्ये राज्याचे निरीक्षक चाचणीला येऊन बसले आणि खाडाखोड एकदम उतरली.

मंडळाने उद्योजक मंडळींची एक समिती नेमली. तिला दोष मोजक्याच शाळांत दिसला. गव्हर्नर सनी पर्ड्यू यांचं त्याने समाधान झालं नाही. त्यांनी ऑगस्ट २०१० मध्ये स्वतंत्र तपास अधिकारी नेमले आणि त्यांच्या हाताशी राज्याच्या तपास यंत्रणेची माणसं दिली. २,१०० हून अधिक मुलाखती झाल्या. ५ जुलै २०११ रोजी नवे गव्हर्नर नेथन डील यांनी अहवाल जाहीर केला. तपासलेल्या ५६ शाळांपैकी ४४ मध्ये गैरप्रकार, १७८ शिक्षक-अधिकाऱ्यांचा संबंध, त्यांत ३८ मुख्याध्यापक. ८२ जणांनी कबुली दिली. भीती, दमदाटी आणि सूड यांच्या वातावरणात हे वाढलं, असं अहवाल म्हणतो.

पुढचं थोडक्यात सांगतो. मार्च २०१३ मध्ये हॉल यांच्यासह ३५ जणांवर आरोप ठेवले गेले, तेही संघटित गुन्हेगारीच्या कायद्याखाली. बहुतेकांनी गुन्हा कबूल केला. १२ जण खटल्याला उभे राहिले, १ एप्रिल २०१५ रोजी त्यांतले ११ दोषी ठरले. आजारपणामुळे हॉल यांच्यावर खटला चालू शकला नाही, आणि आदल्याच महिन्यात कर्करोगाने त्यांचं निधन झालं होतं. गुंडांच्या टोळ्यांसाठी केलेला कायदा शिक्षकांवर लावावा का, यावरून तिथे मोठा वाद झाला. मला तो लावणं चुकीचं वाटतं. शिक्षकांचा परवाना काढून घ्या, नोकरीवरून काढा, पण हातात बेड्या घालून नेलेल्या शिक्षिकेच्या चित्राने शहराला वाटलं की न्याय झाला, आणि लक्ष्यांकांची ती सगळी व्यवस्था ज्यांनी उभी केली व जिच्यावर टाळ्या वाजवल्या, ते सगळे सुखरूप घरी गेले.

मुलांचं काय गेलं

पार्क्सचा निकाल चढला तशी ती ‘मागे पडलेली शाळा’ उरली नाही. मागे पडलेल्या शाळांना राज्याकडून आणि केंद्राकडून जास्तीची मदत मिळते. ती बंद झाली, साडेसात लाख डॉलरच्या आसपास. ज्या मुलांना वाचता येत नव्हतं त्यांच्या नावावर ‘वाचता येतं’ असं लिहिलं गेलं आणि त्यांना वाचायला शिकवण्याचे पैसे परत गेले. या एका वाक्यात मला सगळं प्रकरण दिसतं.

तिसरीतल्या एका मुलीची गोष्ट खटल्याच्या वेळी फार गाजली. वर्गातल्या सरावात ती वाचनात तळाला असायची. आईला ते दिसत होतं. वार्षिक चाचणीत मात्र ती अपेक्षेपेक्षा वर. जादा तासांसाठी आई शाळेत गेली तर मुलगी पात्र ठरेना, गुण चांगले होते ना! आई थेट सुपरिंटेंडंटपर्यंत पोहोचली. तिच्या सांगण्यानुसार उत्तर मिळालं ते असं की तुमच्या मुलीला परीक्षा चांगली देता येते. ही मुलगी पुढे माध्यमिकला गेली तरी वाचनात कित्येक इयत्ता मागे होती. घरातल्या अशिक्षित आजीलाही कळलं असतं की पोरीला वाचता येत नाही. कचेरीला कळलं नाही, कारण कचेरी मुलीकडे बघत नव्हती, तक्त्याकडे बघत होती.

आपल्याकडे

ज्या वर्षी हा अहवाल आला त्याच वर्षी, ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत महाराष्ट्रात राज्यभर पटपडताळणी झाली. मुलांच्या बोटाला शाई लावून मोजणी झाली आणि लाखो मुलं फक्त हजेरीपटावर असल्याचं निघालं. तिकडे गुण खोटे, इकडे मुलंच खोटी. शिक्षकाची पदं, तुकड्या, अनुदान, सगळं पटावर टांगलेलं असलं की पट फुगतो. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला. त्यामागचा विचार मला मनापासून पटला होता, आजही पटतो: प्रत्येक मूल शिकू शकतं, मागे राहिलेलं मूल शोधा आणि त्याच्याजवळ बसा. मी त्या काळात खरोखर फुललेले वर्ग पाहिले. जमिनीवर काड्यांचे गठ्ठे मांडून दशक-एकक समजावून सांगणारी पहिलीची मुलं पाहिली. पण लवकरच बैठकांमधला प्रश्न बदलला. ‘किती शाळा प्रगत झाल्या?’ शेजारच्या केंद्राने सगळ्या शाळा प्रगत कळवल्या की आपल्या केंद्राचा रकाना रिकामा दिसायचा.

त्याच वर्षी एका शाळेचं प्रपत्र माझ्याकडे आलं. तिसरीची सगळी मुलं वाचतात असं त्यात होतं. मी भेटीला गेलो तेव्हा एका मुलाने धडा घडाघडा वाचला. मी पुस्तक मिटलं आणि पोषण आहाराच्या तांदळाच्या गोणीवरची अक्षरं वाचायला सांगितली. तो गप्प. मग त्याने डोळे मिटून पुन्हा तोच धडा म्हणायला सुरुवात केली. त्याच्या बाई खिडकीकडे बघत होत्या. त्यांना रागवायचा मला काही अधिकार नव्हता, कारण ‘शनिवारपर्यंत शंभर टक्के पाहिजे’ असा निरोप मीच व्हॉट्सअॅपवर टाकला होता. वरून आला तसा, एक अक्षर न बदलता. त्या दिवशी मी त्या प्रपत्रावर सही केली. आज ती सही मला बोचते.

अटलांटाचं प्रकरण मी नंतर वाचलं आणि केंद्राच्या मासिक बैठकीचा पहिला विषय बदलला. टक्केवारी शेवटी घ्यायला लागलो. सुरुवातीला प्रत्येक मुख्याध्यापकाने अजून न वाचणाऱ्या मुलांची नावं सांगायची आणि त्या मुलांसाठी काय हवं ते सांगायचं. हे टिपण वर जाणार नाही, वहीत माझ्याजवळ राहील, असा शब्द दिला. पहिल्या बैठकीत तेरा शाळांपैकी बारा जणांनी ‘आमच्याकडे कुणी नाही’ असं सांगितलं. सगळ्यात शेवटी बसलेल्या, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या एका गुरुजींनी खिशातून कागद काढला आणि अकरा नावं वाचली. कुणाला चष्मा हवा होता, कुणाची आई वारली होती, दोघं पारधी वस्तीवरून येत होते आणि त्यांना शाळेची भाषाच परकी होती. बैठक संपल्यावर चहाच्या वेळी ती तिसरीची शिक्षिका माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, “सर, माझ्याकडे सात आहेत. आत्ता लिहून देऊ का?”